रांजणवाडीचं मूळ

चिनी कापडवाल्याने गजराला जीभ बाहेर काढायला सांगितली, तशी ओट्यावरची माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली. रांजणवाडी डोळ्याला झाली होती. उजवी पापणी सुजून डोळा निम्मा मिटला होता. आता यात जिभेचा काय संबंध?

"डोया दुखस नि हाऊ जीभ काय देखस?" गजराची आई नर्मदाबाई म्हणाली.

चिन्याला अहिराणीचा गंध नव्हता. सुरतेहून रेल्वेने तो नंदुरबारला उतरला होता आणि रेशमाचं गाठोडं पाठीवर टाकून तळोद्याच्या बाजाराला निघाला होता. वाटेत पाणी प्यायला थांबला, मुलीचा डोळा त्याला दिसला आणि तो मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला, "हम ठीक करेगा. हमारा बाप वैद." रेशमाला कुणी हात लावला नाही, पण फुकटच्या औषधाला नाही कोण म्हणणार? लवंग उगाळून झाली होती, तळहातावर बोट घासून शेकून झालं होतं. सूज काही हटत नव्हती.

जीभ बघून झाल्यावर त्याने गजराचं मनगट धरलं आणि डोळे मिटून बराच वेळ नाडी बघत बसला. तिखट फार खाते का, झोप लागते का, असं काय काय विचारलं. शेवटी म्हणाला, "बहुत रोता?"

यावर ओट्यावर हशा पिकला. आज गजरा सासरी चालली होती. तिचा नवरा बन्सीलाल तिला न्यायला आला होता. अंगणात त्याची दमणी उभी होती, तिच्यात गजराची पेटी चढवून झाली होती, आता फक्त बैल जुंपायचे होते. सासरी जाताना रडत नाही ती मुलगी कसली? गजरा मात्र माहेरी आल्या दिवसापासून रडत होती. मी परत जाणार नाही, असंही आईजवळ म्हणाली होती. का, ते सांगत नव्हती. नर्मदाबाईने आधी समजूत घातली, मग रागावली. नवं घर जड जातंच, रुळेल हळूहळू.

औषधाची घाई खरं तर बन्सीलाललाच जास्त होती. "असा डोया लिसन गई, ते लोक म्हनतीन बन्सीलालनी मारं," तो विडी ओढत म्हणाला. त्याच्या बोलण्यावर गजराचा बाप सुकलाल पोट धरून हसला. जावई मोठा गमत्या म्हणून तो गावभर सांगत असे.

चिन्याने मग कहरच केला. हात उलटा करून त्याने स्वतःच्याच पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, बोट टेकवलं. "आँख में गरमी. जड इधर. लाल दाना देखो. सुई मारो, थोडा खून निकालो. आँख ठीक."

आता मात्र सगळे पुरते गोंधळले. डोळ्याचं दुखणं पाठीत? असल्या वैदाला पायात काटा रुतला तर तो कान धुवायला सांगेल, असं कुणीतरी म्हणालं. त्यात तरुण मुलीची पाठ परक्या माणसाने बघायची म्हणजे काय? पण चिन्याला तेवढी समज होती. त्याने एक सुई दिव्यावर धरून नर्मदाबाईच्या हातात दिली, कशी टोचायची ते स्वतःच्या दंडावर दाखवलं आणि आतल्या खोलीकडे बोट केलं.

गजरा आधी जागची हलेना. मग तिला काय वाटलं कोण जाणे, स्वतःच उठून आत गेली. भिंतीकडे तोंड करून बसली आणि तिने चोळीची गाठ सोडली.

नर्मदाबाईने चोळी वर सारली. तिला नवल वाटलं. चिनी खरं बोलत होता की!

"शेतस!" ती आतूनच ओरडली. "लाल दाना शेतस! भलता शेतस!"

बाहेर कुणीतरी चिन्याला ते हिंदीत सांगितलं. आता गोंधळायची पाळी त्याची होती. "बहुत?" तो म्हणाला. "बहुत कैसे? एक होता, दो होता."

नर्मदाबाईने ते ऐकलं आणि पुन्हा वाकून बघितलं. दाणे वर आलेले नव्हते, आत गेलेले होते. सगळे गोल, सगळे एकाच मापाचे. काही काळे पडून बुजले होते, काहींतून अजून पाणी येत होतं. तिने एकावर बोट ठेवलं.

"हात नको लावू, माय," गजरा म्हणाली. "आग व्हस."

दारातून ओटा दिसत होता. बन्सीलाल जुन्या विडीवर नवी विडी पेटवत होता.

नर्मदाबाईच्या हातातली सुई कुठे पडली ते तिला कळलं नाही. एवढे दिवस आपण हिलाच रागावत होतो. ती दारात आली आणि सुकलालला म्हणाली, "जरा मझार या."

सुकलाल आत गेला. लेक मोठी झाल्यावर बापाने तिची पाठ बघायची नसते, पण नर्मदाबाईने त्याला बघायला लावली. मग तो बाहेर आला. तडक दमणीपाशी गेला, गजराची पेटी उतरवली आणि ओट्यावर आणून ठेवली.

"काय व्हयनं, मामा?" बन्सीलालने विचारलं.

चिन्याचा चेहरा उतरला. आपल्या औषधाने काहीतरी आक्रीत झालं, घरच्यांचा अपमान झाला, एवढंच त्याला उमगलं. त्याने घाईघाईने गाठोडं बांधलं आणि हात जोडले. "माफी, साब. हम जाता."

सुकलालने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

"तू बठ, चिनीभाऊ. जानारा दुसरा शे."