दोघांचं पथ्य

"आधी तू संपव, मग मी," ताविताने ताट लेकीपुढे सरकवलं.

लागीने ताटातल्या तारोच्या कंदांकडे पाहिलं. शेजारी मासा, नारळाच्या दुधात शिजवलेला पाला. "बाबा, एवढं खाल्लं तर मी एकोणपन्नास किलोच्या गटात बसायची नाही."

"मग राहू दे. मीही उपाशी." तो हात धुवायला उठलासुद्धा.

वजन उचलण्यात आपिया शहरात लागीचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्या गटात राहायचं म्हणून ती पपईच्या दोन फोडींवर दिवस काढायची. पॅसिफिक स्पर्धा सात महिन्यांवर आल्या आणि बाबांना मधुमेह निघाला. आई त्यानेच गेली होती. आधी तिचा पाय गेला, मग ती. लागीची झोप उडाली.

"हट्टी आहे गं तुझा बाप," इस्पितळातली आहारतज्ज्ञ एलेनोआ म्हणाली. "एकटा पथ्याला बसणार नाही म्हणतोय. तू दिवसातून पाच वेळा बसलीस तर तोही बसेल. तू ताटात टाकलंस, की तोही टाकेल."

लागी मुकाट्याने जेवली. महिन्याभरात तिने जुना गट सोडला आणि पंचावन्नमध्ये नाव घातलं. कोचने हूं की चूं केलं नाही, याचं तिला वाईटच वाटलं.

दर सोमवारी दोघं एलेनोआकडे जायची. ताविताला सुईची भीती, म्हणून रक्त आधी लागीचं घेतलं जाई, मग तो एकटाच आत जाई. एलेनोआची फाइल जाड होत चालली.

"मधुमेहाला एवढा तारो चालतो?" लागीने एकदा विचारलं.

"मोजून आणि वेळेवर खाल्ला तर चालतो. शिकून तू आलीस की मी?"

लागीचे केस गळायचे थांबले. सरावात चक्कर येईनाशी झाली. वर्षभर बंद असलेली पाळी परत आली, तेव्हा एलेनोआचे डोळे का भरून आले ते तिला कळलं नाही. तिचं सगळं लक्ष बाबांकडे होतं. रोज संध्याकाळी ती त्याची पावलं मांडीवर घेऊन बोटांमध्ये जखम शोधायची. ताविता तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत बसायचा.

स्पर्धेत शेवटचं वजन डोक्यावर स्थिर झालं आणि तिन्ही पंचांचे मान्यतेचे पांढरे दिवे लागले. लागी धावतच प्रेक्षकांत गेली. ताविता गोड पाकातला पाव खात होता. तिसरा.

"बाबा! वेड लागलंय का तुम्हाला? मधुमेह आहे ना!"

तो रडत होता, हसतही होता. "माफ कर, पोरी," एवढंच म्हणाला.

त्याच्या शेजारी बसलेल्या एलेनोआने पिशवीतून ती जाड फाइल काढून लागीच्या हातात दिली. पहिल्याच पानावर रुग्णाचं नाव होतं. लागी.