दारातला हशा

‘‘पोट बांधा, नाहीतर भूमिका सोडा. दुसरा जाडा माझ्याकडे तयार आहे,’’ निर्माते ढोलभाऊंना म्हणाले आणि मेकअपच्या खोलीतून तरातरा निघून गेले. नाटकाची दुसरी घंटा झाली होती.

पोट खुंटीवर लटकत होतं. कापूस ठासून भरलेलं, मागून पट्ट्यांनी बांधायचं. ढोलभाऊंच्या बायकोनं ते जीव ओतून शिवलं होतं. कंपनीचे सगळे कपडे तीच शिवायची आणि आपल्या शिलाईचं श्रेय दुसऱ्या कुणाला गेलेलं तिला मुळीच खपायचं नाही. ढोलभाऊंनी पोटाकडे पाहिलं, मग आरशात पाहिलं. आरशातल्या माणसाला चक्क मान होती. जुना कोट त्याच्या अंगावर गोणपाटासारखा लोंबत होता.

या नाटकातला घरमालक भाडं मागायला येतो आणि भाडेकरूच्या दारात अडकतो. बस, एवढंच. पण त्या दारात जो हशा पिकायचा, त्यानं नाट्यगृह दणाणून जायचं. त्या हशावर ढोलभाऊंचं नाव झालं. आणि लोक ज्या पोटाला हसायचे, त्याच पोटात ते विंगेतल्या अंधारात सुया टोचून घ्यायचे. जेवणाआधी चटकन काम करणारं इन्सुलिन, शिवाय रात्री एकदा सावकाश काम करणारं. तरी साखर ऐकेना. डोस चढत गेला, आणि वजनही चढत गेलं. शेवटी गुडघ्यांनी जिन्यापुढे हात टेकले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आठवड्यातून एकदाच घ्यायचं वेगळं इंजेक्शन सुरू केलं. भूक आवरली, साखर ताळ्यावर आली. बाईंनी जेवणाआधीच्या सुया हळूहळू बंद केल्या, रात्रीची तेवढी उरली. वजन तर असं उतरलं, की शेजारीण येऊन बायकोला हळूच विचारून गेली, ‘‘घरात सगळं ठीक आहे ना गं?’’

ठीक म्हणजे काय, उत्तम होतं! ढोलभाऊ नातीला खांद्यावर घेऊन जिना चढत होते. पण डोक्यात एक किडा शिरला होता, तो काही जाईना. इतकी वर्षं लोक हसले ते कुणाला? मला की माझ्या पोटाला? पोटालाच हसत असतील, तर मी उभा जन्म नट म्हणून मिरवलो ते फुकटच की!

‘‘अहो, वळा इकडे. पट्ट्या आवळते.’’ बायको पोट घेऊन उभी राहिली.

‘‘राहू दे ते.’’

‘‘राहू दे काय? हाकलून देतील ना तुम्हाला!’’

‘‘देऊ देत. पण एकदा मला कळू दे.’’

काय कळायचं होतं, हे तिला सांगावं लागलं नाही. तिनं पोट पुन्हा खुंटीला अडकवलं आणि त्यांच्या कोटाची कॉलर सारखी केली. तिसरी घंटा झाली.

घरमालक रंगमंचावर आला. पाय फेंगडे टाकत, कंबर मागे रेलून, तोंडानं श्वास घेत. एक हात कोटाखाली, काहीतरी जड तोलून धरल्यासारखा. दारापाशी येऊन तो थांबला. त्या दारातून आता दोन ढोलभाऊ जोडीनं गेले असते. त्यानं एक पाय आत टाकला आणि अडकला. खाली वाकून पोटाकडे पाहिलं, मग तिरका होऊन बघितलं. श्वास आत ओढला, गाल फुगले, डोळे बाहेर आले. नाट्यगृहात चिडीचूप. संपलं सगळं, असं ढोलभाऊंना वाटून गेलं. तरी त्यांनी नसलेलं पोट हळूच उचललं, चौकटीपलीकडे नेऊन ठेवलं आणि भाडेकरूला अदबीनं म्हणाले, ‘‘हे पुढे पाठवलंय. जरा सांभाळा, मी आलोच.’’

मागून एक बाई खिदळली. मग दुसरी. मग अख्खं नाट्यगृह हसत सुटलं. हशा थांबेचना, पुढचं वाक्य बोलायला जागाच मिळेना. विंगेत बायको पदरानं डोळे पुसत होती. तावातावानं जाब विचारायला आलेले निर्माते तिच्या शेजारीच हसून हसून खाली बसले होते.

नाटक संपलं. ढोलभाऊ नुसत्या बनियनवर बसून तोंडाचा रंग पुसत होते. एवढ्यात एक म्हातारे प्रेक्षक काठी टेकत आत आले.

‘‘अरेच्चा! पोट काढूनसुद्धा ठेवलंत?’’ त्यांनी खुंटीकडे काठी दाखवली. ‘‘काय हुबेहूब हो! चालताना हलत होतं ते मला शेवटच्या रांगेतून दिसलं. शिवलं कुणी?’’

बायकोनं हातातला कोट खाली ठेवला. मान ताठ केली.

‘‘यांनीच,’’ ती म्हणाली, ‘‘उभ्या उभ्या.’’