खिडकीपाशी एकच खुर्ची

पक्षाघाताच्या झटक्यानंतर दोन महिने वकीलसाहेबांना सगळं खुर्चीतच आयतं मिळत होतं. काल व्यायाम शिकवणाऱ्या बाई बायकोशी कुजबुजून गेल्या. आज घराला काय झालंय ते कळेना. चष्मा फ्रिजवर, पाणी स्वयंपाकघरात, शेजारी बसणारी बायको पार खिडकीपाशी. हाक मारली तरी ढिम्म. आपण नकोसे झालो की काय? भिंत धरत, पाय ओढत ते तिच्यापर्यंत पोहोचले. “रागावलीस?” “हो.” “कशावर?” “तुम्हीच शोधा. वकील ना तुम्ही?” तिथं दुसरी खुर्ची नव्हती. चौकट धरून त्यांनी अडखळत्या जिभेनं बाजू मांडली. ते दमले की ती जुनं उकरायची. विसरलेला वाढदिवस, हरवलेली छत्री. अखेर घड्याळ बघून ती हसली. “बारा मिनिटं उभे होतात! बाईंनी दहाच सांगितलेली. बसा आता.” वकीलसाहेब गोंधळून उभेच राहिले. “ती छत्री मी हरवलीच नव्हती!”