बेटावरची खानावळ

निखाऱ्यावर भाकरी फुगली आणि फस्सकन वाफ सुटली. घरात एवढाच आवाज झाला. नवरा फौजेतून सुट्टीवर आल्यापासून महानंदाच्या घरात मोकळं असं कुणी बोललंच नव्हतं.

बसवराजनं वर्षभर गाझात युनोच्या शांतिसेनेची मोटार चालवली होती. घर लिंगायताचं, मासळीचं नावही उंबऱ्याच्या आत येत नसे. परमुलखात यानं काय खाल्लं असेल, या संशयानं सासूनं, चन्नबसम्मानं, त्याचं ताट ओसरीवर मांडलं होतं. विचारलं मात्र नव्हतं. उत्तराचीच भीती वाटत होती. महानंदा रोज चुलीजवळ त्याच्यासाठी पाट पुसून ठेवायची आणि रोज तो तसाच उचलायची.

ओसरीवर शेजारचा वाल्मीक येऊन टेकला. त्याच पलटणीतला, आता तिकडं जायची पाळी त्याची होती.

"बसवराजभाऊ, सुट्टीत एका बेटावर नेत्यात म्हणं. दर्याची मासळी कुठं खावी, तेवढं सांगा की."

महानंदाचा हात पिठातच राहिला. ठाऊक न्हाई म्हणा, ती मनात म्हणाली.

"धक्क्यावर उतरलं की डाव्या अंगाला जा," बसवराज म्हणाला. "मोठ्या हाटेलात शिरू नको. फुडं निळ्या दाराचं घर हाय, एक म्हातारी खानावळ चालवती. नावेतली मासळी नीट तिच्या परातीत. आपण बोट दाखवायचं. ती भाजून देती."

सासू उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"लय माहिती हाय रं तुला."

"तिथंच बसलो होतो, अव्वा. सगळ्यांसंगं."

"मंग?"

"ताट आलं. मी ते बाजूला सारलं. गळ्यातली डबी उघडली अन् लिंग तळहातावर घेतलं, जेवायच्या आधी घेतो तसं. पूजा करून वर बघतो, तर कुणाचाच घास हलंना. दर्यावर जन्म काढलेले तिथले कोळी, पर टोप्या काढून बसलेले. फकस्त भाईर दर्या वाजायला."

समुद्र महानंदानं कधी पाहिला नव्हता. तो आत्ता दाराशी येऊन थांबलाय, असं तिला वाटलं.

"म्हातारीला माझी बोली येईना, मला तिची. तिनं ताट उचललं. हात धुतले. नवी रोटी आणली, संगं बोराएवढी खारवलेली फळं. मी जेवूस्तोवर समोर बसून राहिली. डोक्यावर रुमाल घेऊन."

"म्हंजी चव तुमाला ठाऊकच न्हाई," वाल्मीक म्हणाला, "अन् पत्ता सांगायलाव!"

"वास घेतला की लेका."

चन्नबसम्मा हसली नाही. ती ओसरीवर गेली, लेकाचं ताट स्वतःच्या हातानं उचललं आणि चुलीजवळच्या पाटापुढं आणून ठेवलं.

"ये आत. भाकर निवायली."

महानंदानं पदरानं डोळे टिपले, चुलीचा धूर लागल्यागत. तिच्या पाठीला बिलगून बसलेल्या लेकानं, छोट्या शिवमूर्तीनं, सगळं ऐकलं होतं. तो तिच्या खांद्यावरून पुढं वाकला.

"माय, ती आजी आपल्याकडं जेवायला आली, तर तिला मासे वाढायचे का?"