एक स्टार

बायको गेल्यावर तिच्या फोनमध्ये मिस्त्रींना मोटारसायकलचा एक गेम सापडला. पस्तीस वर्षं गॅरेज चालवलेल्या माणसाला तो बघवेना.

“ही काय गाडी आहे? ना क्लच, ना गिअर! दोन मजल्यांवरून आदळते आणि हँडलसुद्धा वाकत नाही. आणि ब्रेक नुसता दाबला की कोलांटी! बनवणाऱ्याने जन्मात कधी किक मारली नसेल.”

“बाबा, गेम आहे तो,” मुलगी म्हणाली. “आईला आवडायचा.”

“तुझ्या आईला गाडीतलं काय कळत होतं? ब्रेक कुठला इथपासून बोंब! आणि हे बघ, लोक पाच-पाच स्टार देतायत. डोकी गहाण ठेवलीत का?”

“मग तुम्ही द्या एक. काय ते लिहून टाका, म्हणजे माझी सुटका होईल.”

मिस्त्रींनी चष्मा चढवला. तिच्याच फोनवरून ‘निव्वळ भंगार’ असं लिहिलं आणि एक स्टार दाबला. फोनने विचारलं, तुम्ही आधीच मत दिलेलं आहे, ते पुसून हे नवीन ठेवायचं का?

जुनं मत खाली दिसत होतं. बायकोने लिहिलेलं.



“पाच स्टार. आमचं स्वतःचं गॅरेज आहे, पण ह्यांनी मला कधी गाडी चालवू दिली नाही. इथे मी दिवसातून पन्नास वेळा पडते, तरी कुणी खेकसत नाही.”