फडकं

कॉलेज बुडवून खेळलेला गुंडांचा गेम नव्या रूपात आला, म्हणून रविवारी लावून बसलो. औषधांचं दुकान लुटायचं होतं. जुन्या गेममधला दुकानदार नुसता ठोकळा होता. नव्यातल्याचे ओठ थरथरत होते. पिस्तूल रोखताच त्याने हात वर केले. "एवढे वर जात नाहीत," मागून बायको म्हणाली. तिच्या मेडिकलमध्ये गेल्या आठवड्यात असाच पिस्तूलवाला शिरला होता. "जीव वाचला ना," म्हणून मी विषय संपवला होता. गेम बंद करू लागलो. "थांब. तू दुकानाबाहेर पड. तो काय करतो बघू दे." मी बाहेर पडून काचेतून पाहिलं. दुकानदाराने हात खाली घेतले, फडकं उचललं आणि काउंटर पुसू लागला. "मीही तेच केलं," ती म्हणाली. "मग पुढचं गिऱ्हाईक आलं."