पायी फिरण्यासारखं गाव

पांढरकवड्यात एकतीस वर्षं मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवून कलीमभाई लेक फरहासोबत राहायला कायमचे कॅनडाला निघाले, पण अट घालूनच. "या वयात मले उजव्या बाजूनं गाडी चालवणं जमत नाही. पायी फिरता येईल असं लहानसं गाव पाह्य."

फरहाचं काम लॅपटॉपवरचं, तिला कुठलंही गाव चालत होतं. तिनं महिनाभर नकाशे पालथे घातले. पहिल्याच गावात मशीद, बाजार, दवाखाना, सारं पायी दहा मिनिटांवर! अब्बांनी मोबाइलात काहीतरी शोधलं आणि मान हलवली. दुसऱ्या गावाचं तेच झालं, नवव्याचंही तेच. शेवटी त्यांनी स्वतःच एक गाव पसंत केलं. तिथं आठ महिने बर्फ आणि मशीद दीडशे किलोमीटरवर.

फरहा फोनवर भडकलीच. "अब्बा, त्या बर्फात पायी कुठं फिरसान? बाकीच्या गावांत असं काय वाईट होतं?"

कलीमभाईंनी आवाज खाली आणला.



"बेटा, त्या साऱ्या गावांत माझेच शिकवलेले पोट्टे गाडी चालवून राह्यले."